सात नंबरचं उत्तर

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती मालन माझ्या नात्यातली. तिने ती मला एकदाच सांगितली, तांदूळ निवडता निवडता, आणि सांगून झाल्यावर सुपातले तांदूळ तसेच ठेवून उठून गेली. कंपनीचं आणि सोसायटीचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. बाकी एक अक्षर पदरचं नाही.

अशा गोष्टी रात्री घडतात असं आपण धरून चालतो.

ही संध्याकाळी साडेपाचला घडली. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर असताना. गुरुवार, सतरा नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. तुळशीची लग्नं तीन-चार दिवसांवर आली होती. ठिकाण रत्नागिरी.

मालन तेव्हा सव्वीस वर्षांची. मुलगी राही, नऊ महिन्यांची. नवरा हरिश्चंद्र मालवाहू जहाजावर. त्याचं पत्र महिन्याने यायचं, कधी दोन महिन्यांनी. पत्र आलं नाही की मालन अन्न चिवडत बसायची. वाट बघणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

हे आधी सांगून ठेवते. कारण पुढे तिने जे केलं, ते न कळून केलं असं म्हणायला जागा नाही.

लग्नाआधी ती मुंबईला कॉम्प्युटर शिकली होती. त्या जोरावर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत तिला काम मिळालं. दोन खोल्या आणि एक कॉम्प्युटर. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे, देवघरात जावं तसं.

राहीला शेजारच्या विमलाकाकू सांभाळायच्या. पण काकूंचा नेम होता... सहाला देवळात. म्हणजे मालनने साडेपाचला घरात हवंच. पाच वाजले की तिचं लक्ष पडद्यावरून उडायचं. अंगावरचं मूल, वेळ झाली की ब्लाउज ओला व्हायचा. पदर पुढे घेऊन ती घाईघाईने शेवटची ओळ टाइप करायची.

त्या घाईतच सगळं आहे.

मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीने आठ लाँचवर वायरलेस सेट बसवायचं ठरवलं होतं. सेट स्वस्तातले, लांबवर आवाज न पोचणारे. मग निरोप कसे फिरवायचे? समुद्रात नेऊन करून बघणं परवडणारं नव्हतं. म्हणून ते काम मालनकडे आलं. आठ बोटी पडद्यावर मांडायच्या, खोट्या निरोपांचा खेळ करायचा, आणि कुठली मांडणी टिकते ते बघायचं.

तिने तीन मांडण्या केल्या.

पहिली चांदणी. मधे किनारा, आणि प्रत्येक बोटीची रेघ सरळ किनाऱ्याला.

दुसरी एकच लांब दोर, आणि त्याच्यावर सगळ्यांनी बोलायचं. तिथे एकाच वेळी दोघे बोलले की दोघांचंही फुकट.

तिसरं कडं. किनाऱ्याने एक नंबरला विचारायचं, एकने दोनला, दोनने तीनला, असं करत आठ नंबरने शेवटी किनाऱ्याला सांगायचं की सगळे ठीक. शेजारच्या बोटीपर्यंत आवाज पोचला की झालं. त्या सेटना हेच जमण्यासारखं होतं.

आणि तिने आणखी एक केलं, हौसेने. प्रत्येक बोटीला एक सूर दिला. कॉम्प्युटरच्या पोटातल्या बारक्या भोंग्यातून निरोप पुढे सरकताना वाजायचा.

सा... रे... ग... म... प... ध... नि... सां.

दर सुराला दोन सेकंद. पूर्ण फेरी सोळा सेकंदांत. घरी राहीला झोपवताना ती तेच गुणगुणायची.

कड्यात एक खोट होती. एक बोट गप्प राहिली की सगळं तिथेच अडायचं. पडदा थिजायचा. तीनदा हाक मारायची आणि तरी उत्तर नाही आलं तर किनाऱ्याला धोक्याची सूचना द्यायची, असं लिहायला हवं होतं. ते लिहायला दोन तास लागले असते.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीची माणसं बघायला येणार होती. ब्लाउज ओला झाला होता.

मालनने एकच ओळ लिहिली.

उत्तर नसेल तर ठीक धरायचं, आणि पुढे जायचं.

सोमवारी नीट करू म्हणाली, आणि चपला घालून बस पकडायला धावली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ते फार आवडलं. कडं कुठे अडलं नाही. साहेबांनी त्या प्रोग्रॅमवरूनच नियमांचा कागद छापून घेतला. सोमवारी राहीला ताप होता. मंगळवारी दुसरं काम आलं. त्या आठवड्यात मालन मिरकरवाड्यात जाऊन आठही तांडेलांना नियम समजावून आली, त्याच कागदावरून.

सोसायटीच्या ऑफिसात नुसता हशा चालला होता.

"म्हणजे घरात बायको हाका मारते ती मारते, आता दर्यावर पण रोज हजेरी?" सात नंबरचा तांडेल केरू म्हणाला.

"तुझी बायको हाक मारते तेव्हा तू कुठं उत्तर देतोस रे?" सहा नंबरचा सखाराम म्हणाला.

"म्हणून तर बरं हाय. बाई सांगतायत ना, उत्तर नाय दिलं तरी ठीकच धरायचं!"

सगळे खो-खो हसले. मालनही हसली. नियम चार, म्हणजे तीच ओळ, वाचताना तिचा आवाज जरा अडखळला होता, पण हशात कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग तो गुरुवार आला.

दुपारी चारला दक्षिणेकडून वारं उठलं. अर्ध्या तासात ओसरलं. असं होतं कधीकधी, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. साडेपाचला हजेरी झाली. आठ नंबरने किनाऱ्याला कळवलं, आठही ठीक. सेटवर बसणाऱ्या बाळाने रजिस्टरात आठ वेळा ठीक लिहिलं. हा बाळा चांगला चाळिशीचा माणूस, पाय अधू झाल्यामुळे दर्या सुटलेला.

शुक्रवारी सकाळी सात बोटी बंदराला लागल्या.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या माना बंदराच्या तोंडाकडे. सात नंबर नाही. केरू नाही, त्याचे तीन खलाशी नाहीत.

रजिस्टर उघडलं गेलं. साडेपाचला ठीक. म्हणजे वारं ओसरल्यावर बोट शाबूत होती! मग इंजिन बंद पडून रात्रीच्या उत्तरेकडच्या वाऱ्याने वाहवत गेली असणार. शोधायला निघालेल्या बोटी त्या हिशेबाने दक्षिणेला गेल्या, थेट गोव्याच्या दिशेने. केरूची बायको गंगुबाई सगळ्यांना सांगत होती, "साडेपाचला बोललान ना तो. ठीक म्हणालान. मग कुठंतरी लागला असंल."

शनिवारी सखाराम मिरजोळ्याला आला. चपला काढून दारातच उभा राहिला.

"बाई, एक विचारायचं होतं."

"बसा ना सखारामभाऊ."

"बसत नाय. गुरुवारी मी सातला हाक मारली. दोनदा. उत्तर नाय आलं." त्याने टोपी काढून हातात धरली. "मग तुमच्या कागदाप्रमाणं ठीक धरलं, नि आठला पुढं सांगितलं. बरोबर केलं ना मी?"

मालनने पडद्याकडे बघितलं.

"बाई, बरोबर केलं ना?"

"कागदात होतं तसंच केलंत तुम्ही," ती म्हणाली.

सखारामने एवढा मोठा श्वास सोडला. आणि मग मालन जे बोलली, ते तिने मला खाली मान घालून सांगितलं.

"पण भाऊ... हे आत्ताच कुणाला सांगू नका. उगीच गोंधळ होईल."

त्याने मान हलवली. शिकलेली बाई सांगते म्हणजे काहीतरी विचार करूनच सांगत असेल.

तो गेल्यावर मालनने पहिलं काय केलं असेल? ती ओळ खोडली. तीन हाका आणि धोक्याची सूचना, सगळं दोन तासांत लिहून काढलं. नवा कागद छापून सोसायटीकडे पाठवला, बरोबर चिठ्ठी, "किरकोळ सुधारणा."

किरकोळ!

त्या संध्याकाळी राही दूध प्यायला तयार होईना. तोंड लावायची आणि मान फिरवायची.

सोमवारी साहेब म्हणाले, "सात बोटींचं वेळापत्रक करून द्या. सात नंबर काढून टाका तात्पुरता."

मालनने सात नंबर काढला. सहाला थेट आठशी जोडलं. फेरी सुरू केली.

सा... रे... ग... म... प... ध...

आणि मग...

काही नाही.

दोन सेकंद भोंगा गप्प.

सां.

ती थबकली. पुन्हा लावून बघितलं. ध... आणि मग ती पोकळी... आणि सां. पडद्याच्या कोपऱ्यात फेरीचा वेळ उमटला. सोळा सेकंद.

सात बोटींना चौदा हवेत.

काढताना काहीतरी राहिलं असेल, तिने स्वतःला समजावलं. ओळ न ओळ तपासली. सात नंबर कुठेच नव्हता. बोट नव्हती, सूर नव्हता, रेघ नव्हती. तरी निरोप सहावरून निघायचा आणि आठला पोचायच्या आधी कुठेतरी दोन सेकंद थांबायचा.

जणू कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी फ्लॉपी बाजूला ठेवली. कोऱ्या फ्लॉपीवर पहिल्यापासून लिहिलं. या वेळी आठ बोटी कधी मांडल्याच नाहीत, सातच मांडल्या.

सोळा सेकंद.

आणि ते थांबणं आता नुसतं गप्प नव्हतं. भोंग्याला कान लावला तर आत काहीतरी होतं. सूर नव्हे. वाऱ्यात कुणी तोंड उघडावं आणि आवाज फुटू नये, तसं काहीतरी.

त्या दोन सेकंदांत तिला पान्हा फुटला.

पोरीच्या भुकेची वेळ नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते. पण बाळ रडलं की आईच्या अंगाला जसं आपोआप कळतं, तसं झालं. तिच्या डोक्याला काही कळत नव्हतं, पण अंगाला कळलं होतं की कुणीतरी हाक मारतंय.

दिवस जात होते. विमलाकाकू बाजारातून एकेक बातमी आणायच्या.

"अगो, ती गंगुबाई रोज साडेपाचला सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसते म्हणे. हिरव्या बांगड्या नव्या भरल्यान. भटजींनी विचारलं तर म्हणाली, माझा घोव ठीक हाय."

मालन पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"काय गो?"

"काही नाही काकू. धूर गेला डोळ्यात."

चुलीवर नव्हे, स्टोव्हवर पोळ्या होत होत्या. काकूंनी एकदा स्टोव्हकडे बघितलं, एकदा मालनकडे, आणि राहीला उचलून ओसरीवर घेऊन गेल्या.

बोट हरवल्याच्या तेराव्या दिवशी हरिश्चंद्राचं पत्र आलं. त्यात त्याने लिहिलं होतं, "कळव मला सगळं ठीक आहे ना." मालनने उत्तर लिहायला घेतलं. ते तीन-चार दिवस तसंच पडून राहिलं. पहिली ओळच लिहवेना.

शुक्रवारी, दोन डिसेंबरला, तिने कडंच मोडून टाकलं.

चांदणी मांडली. मधे किनारा, भोवती सात बोटी, ज्याची त्याची वेगळी रेघ. इथे सहानंतर सात नि सातानंतर आठ असा प्रकारच नाही. थांबायला जागाच नाही.

तिने चालू केलं. सातही बोटींचे निरोप येऊन पोचले. चौदा सेकंद.

मालनने डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा पडद्याच्या तळाशी एक ओळ आलेली होती. अडकलेल्या निरोपांचा रकाना. एखादा निरोप पोचला नाही तर तो का पोचला नाही, हे दाखवायला तिनेच तो केलेला होता. तिथे शून्य असायला हवं होतं.

तिथे एक होता.

कुणाकडून... सात.

कुणाला... किनारा.

अडकण्याचं कारण... त्याच्या जागेवर दुसरं कुणी बोलत आहे.

खोली गार पडली होती की तिलाच गार वाटत होतं, हे तिला आजही सांगता येत नाही. तिने कॉम्प्युटर बंद केला. एरवी ठरलेल्या क्रमाने बंद करायची पद्धत होती, तिने सरळ भिंतीवरचं बटण खाली ओढलं. चपला न घालताच ती बस थांब्यापर्यंत गेली होती. मग कुणीतरी सांगितलं, "बाई, पाय..."

शनिवारी तिने साहेबांना आपली चूक सगळी सांगितली. साहेबांनी नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "सोसायटीला मी पत्र लिहितो. तुम्ही जाऊ नका तिथे."

ती गेली.

काकू त्या दिवशी भावाकडे गेल्या होत्या, म्हणून राहीला कडेवर घेऊनच गेली. मिरकरवाड्यात बर्फाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, बायका टोपल्या घेऊन भांडत होत्या, जाळी वाळत होती. सगळं रोजच्यासारखं. सोसायटीच्या ऑफिसवर आता उंच बांबू लावून त्याच्या टोकाला एरियल चढवली होती. अपघातानंतर ती चढवली, तेव्हापासून सगळ्या बोटी किनाऱ्यावर ऐकू यायच्या.

आत बाळा सेटपुढे बसला होता. भिंतीकडच्या बाकावर एक बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. नियम समजावायला मालन आली होती तेव्हा इथे फक्त पुरुष होते. या दोघींची गाठ कधी पडलेली नव्हती.

सव्वापाच वाजले होते.

"मी... मिरजोळ्याहून आले," मालन म्हणाली. "ते वायरलेसचं काम..."

गंगुबाई ताडकन उठली.

"परत बोल."

"काय?"

"काय पण बोल गो. बोल तू."

"माझं नाव मालन. ही माझी मुलगी, राही..."

गंगुबाईने बाळाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाळा, हीच."

बाळाने मान वर न करताच मालनला सांगितलं, "मला पयल्या दिवशीच कळलं होतं वैनी, नियम सांगताना ऐकलेला ना तुमचा आवाज. म्हटलं, तुम्हीच कुठून तरी बोलत असाल. हिच्या जिवाला आधार म्हणून. म्हणून मी कुणाला बोललो नाय."

"मी? कुठून बोलते मी?"

"हजेरीत. सहा नंबर बोलतो. मग तुमचा आवाज येतो. सात नंबर, ठीक. मग आठ. रोज. बोटींवर कुणाला ऐकू येत नाय, विचारलं मी. फक्त इथं येतं."

"बाळाभाऊ, माझ्याकडे सेट नाही. साडेपाचला मी घरात असते, हिला दूध पाजत."

राहीने आईची वेणी ओढली.

मालनने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सांगून टाकलं. उभ्यानेच. ओळ, घाई, कागद, सखारामच्या दोन हाका. आणि सगळ्यात वाईट होतं तेही... की तिनेच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

"गुरुवारी ठीक असं कुणी म्हटलंच नव्हतं. ते माझं होतं, वैनी. त्यांचं नव्हतं."

गंगुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"मग चारला वारं उठलं तेव्हाच..."

"मला माहीत नाही. पण साडेपाचला उत्तर नव्हतं. तेव्हाच कळलं असतं तर त्याच संध्याकाळी बोटी गेल्या असत्या. आणि दक्षिणेला गेल्या नसत्या."

"नि तू आज येतेस. इतक्या दिवसांनी."

"सोळा."

"मोजलेस," गंगुबाई म्हणाली. "मी पण मोजले."

घड्याळात साडेपाच झाले. बाळाने सेटचं बटण फिरवलं. खरखर.

"एक नंबर, ठीक."

"दोन नंबर, ठीक."

तीन. चार. पाच. मालनने राहीला घट्ट धरलं.

"सहा नंबर, ठीक." सखारामचा घोगरा आवाज.

आणि मग...

खरखर.

नुसती खरखर. बाळा पुढे वाकला. गंगुबाईने हात वर केला, जणू सगळ्या बंदराला गप्प बसवत होती. बाहेर बर्फ फोडायचा आवाज येत होता. आत काही नाही.

"आठ नंबर, ठीक."

गंगुबाई खाली बसली. बाकावर नव्हे, जमिनीवर.

"खोटा होता तर खोटा," ती हळू म्हणाली. "तेवढा एक आवाज होता माझ्याकडं. तो पण नेलास तू."

मालनने बाळाकडून रजिस्टर मागून घेतलं. सतरा नोव्हेंबरच्या पानावर सात नंबरपुढचं ठीक खोडलं. तिथे "उत्तर नाही" लिहिलं आणि खाली स्वतःची पूर्ण सही केली. राही पेन धरायला धडपडत होती, म्हणून सही वाकडी आली.

खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मालनला नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दारात बाळा उभा. अधू पायाने मिरकरवाड्याहून चढ चढून आलेला. मालनने पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं.

"वैनी, आज सातच्या पाळीला आवाज आला."

मालनने भिंतीला हात टेकला. "माझा?"

"नाय. बाईचा नाय." तो घुटका घ्यायला थांबला. "केरूचा. बारा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. मला ओळखत नाय होय?"

"काय म्हणाले?"

"पयलं म्हणाला, इतके दिवस बोलतोय, जागाच मिळत नव्हती. माझ्या पाळीला दुसरंच कोण बोलत होतं."

मालनच्या डोळ्यांपुढे पडद्याच्या तळाची ती हिरवी ओळ आली, त्याच्या जागेवर दुसरं कुणी बोलत आहे. तिने ती कुणालाही सांगितलेली नव्हती. साहेबांनासुद्धा नाही.

"मग?"

"मग गंगुबाईसाठी बोलला. ती तिथंच होती, पण तिला नुसती खरखर ऐकू गेली. मी एकेक शब्द सांगितला तिला."

"काय सांगितलंत?"

बाळाने भांडं खाली ठेवलं. "ते तुमचं नाय वैनी. राग मानू नका." आणि तो निघून गेला. पुढे त्याने सेटवर बसणं सोडलं.

सोमवारी गंगुबाईने बांगड्या उतरवल्या. दर्यात नारळ सोडला. कुणी सांगितलं नाही, भटजीला विचारलं नाही. आपणहून. सात नंबरच्या पाळीला त्यानंतर कधी कुणाचा आवाज आला नाही. मिरजोळ्याला सात बोटींचं कडं चौदा सेकंदांत फिरू लागलं. मालन म्हणते, ते चौदा सेकंद ऐकायला तिला सोळापेक्षा जड जायचे.

सोसायटीने साहेबांचं पत्र फायलीला लावलं. मालनला कुणी काही बोललं नाही. सखाराम समोर आला की रस्ता बदलायचा, एवढंच.

शिमग्यानंतर गंगुबाई आठवडा बाजारात सुकी मासळी घेऊन बसू लागली. मालन राहीला घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. राही तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. गंगुबाईच्या टोपलीचा काठ धरून ती उभी राहिली, आणि गंगुबाईने, हातचं काम न थांबवता, पोर पडू नये म्हणून गुडघा पुढे केला.

मालनला धीर आला.

"वैनी, मला नका सांगू ते काय बोलले. फक्त एवढं सांगा, माझ्याबद्दल काही..."

गंगुबाईने सुकट तराजूत घातली. काटा स्थिर होईपर्यंत बघत राहिली.

"होतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी पण निरोप होता. नाव घेऊन."

"काय?"

"माझा राग गेला की सांगेन."

तिने सुकट कागदात बांधली, मालनच्या हातात दिली, आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुला काय गो?"

मालन अजून दर आठवड्याला तिथे जाते. घरात कुणी सुकट खात नाही. वाटा घेते, जरा थांबते. गंगुबाई राहीला जवळ घेते, तिच्या हातात कधी खोबऱ्याचा तुकडा ठेवते, मालनकडे बघते...

आणि पुढच्या बाईला विचारते, "तुला काय गो?"